जलरंगातलं निसर्गचित्र बघताना नेमकं काय बघायचं?

पायवाट

प्रदर्शनात जाणकार मंडळी जलरंगातल्या निसर्गचित्रासमोर उभी राहून "वॉश स्वच्छ पडलाय", "टोन बसलाय", "पांढरं छान राखलंय" असं बोलतात. शब्द कळतात, पण ते चित्रात कुठे शोधायचे ते कळत नाही. "प्रसन्न वाटतं" याच्या पुढे गाडी जात नाही.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एकच चित्र समोर ठेवते. इंग्लिश चित्रकार टॉमस गर्टिनचं 'द व्हाइट हाउस ॲट चेल्सी', 1800 सालचं, लंडनच्या टेट संग्रहालयातलं. नेटवर सहज सापडतं. थेम्सचं संथ पाणी, मोठं आकाश, लांबवर पवनचक्की, पूल, काही होड्या आणि काठावर एक लहानसं पांढरं घर. बस्स. तरीही इंग्लिश जलरंगाच्या कुठल्याही चर्चेत हे चित्र येतंच.

यात अवघड काय आहे? घर जिथे आहे तिथेच का हवं? आणि हेच निकष आपल्याकडच्या, म्हणजे कोकणातल्या किंवा घाटातल्या, चित्रांना कसे लावायचे?

---

ओला_कागद

पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या घरातच आहे, कारण ते घर रंगवलेलंच नाही.

पारदर्शक जलरंगात पांढरं म्हणजे कोरा कागद. तैलरंगात सगळं झाल्यावर शेवटी पांढऱ्याचा एक ठिपका देता येतो. इथे पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा ओला थर, टाकायच्या आधी ठरवावं लागतं की सगळ्यात उजळ जागा कुठली आणि केवढी, आणि मग शेवटपर्यंत तिथे रंगाचा थेंब जाऊ द्यायचा नाही. हे चित्र साधारण 30 बाय 51 सेंटीमीटरचं आहे. एवढ्या कागदावर नदी, आकाश, काठ सगळं टोनमध्ये, म्हणजे उजळ-गडदपणात, दाबून आणलंय आणि एवढीशी जागा मोकळी सोडलीय. पडद्यावर ते घर अंगठ्याने झाकून बघा. उरलेलं चित्र चांगलंच आहे, पण कातरवेळचा उजेड एकदम विझतो. अंगठा काढा, परत येतो. "पांढरं राखणं" म्हणतात ते हे.

आता वॉश. सपाट किंवा उतरता वॉश कसा पडतो ते माहीत असलं की तो कुठे बिघडलाय ते आपोआप दिसायला लागतं. बोर्ड 10 ते 15 अंश तिरका ठेवतात. लागेल त्याच्या निदान दुप्पट रंग वाटीत आधीच कालवून ठेवतात, कारण मध्येच संपला तर पुन्हा तीच छटा जमत नाही आणि तोवर कागद वाळतो. भरलेला मोठा ब्रश आडवा फिरवला की पट्ट्याच्या खालच्या कडेला रंगीत पाण्याची फुगीर धार थांबते. पुढचा पट्टा त्या धारेला टेकवून घ्यायचा, म्हणजे धार खाली सरकते. तळाशी पोचल्यावर ती पिळलेल्या ब्रशने टिपून घ्यायची. टिपली नाही तर ते पाणी वर परततं.

हे सगळं मोकळ्या आकाशात सोपं आहे. मध्ये घर आलं की एकाच वॉशच्या दोन धारा होतात, एक घराच्या डावीकडून आणि एक उजवीकडून, आणि घराखाली दोन्ही ओल्या असतानाच जुळाव्या लागतात. एक बाजू रेखत बसलं की दुसरी वाळते आणि तिथे कडक रेघ उमटते. म्हणून कुठल्याही चित्रात राखलेल्या पांढऱ्याच्या खालची आणि बाजूची जागा आधी बघा. रेघ नसेल, घराभोवती वेगळ्या छटेचं वलय नसेल, तर तो वॉश एका दमात आणि वेळेत खाली आलाय.

सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे आकाशात किंवा पाण्यात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दातेरी कड असलेला डाग. वॉश अर्धवट वाळलेला असताना त्यात जास्त पाण्याचा ब्रश टेकला की ते पाणी कमी ओल्या भागाकडे पसरतं, रंगाचे कण पुढे ढकलत नेतं आणि जिथे थांबतं तिथे सोडतं. काही जण झाडीत तो मुद्दाम पाडतात. निवळ आकाशात मात्र तो जवळपास नेहमीच अपघात असतो.

---

तिरपी_रेघ

वॉशबद्दल वरचं सगळं मान्य. पण पांढरं राखणं हे निम्मं काम झालं. पांढरं जपून राखलेली आणि तरी फसलेली चित्रं ढिगाने असतात: छपरावर पांढरं, होडीवर पांढरं, दोन बगळे, माणसाचा सदरा, पाण्यातली चमक. प्रत्येक पांढरं हाक मारतं आणि नजर कुठेच ठरत नाही. गर्टिनचं मोठेपण मला त्याने जे राखलं नाही त्यात दिसतं. होड्या, पूल, पाणी, कशालाही घराशी स्पर्धा करू दिलेली नाही.

रचना बघायला डोळे किलकिले करा. तपशील विरतात आणि तीन-चार टोनचे मोठे आकार उरतात. चित्र तेवढ्यावर उभं राहत असेल तर तपशिलाला अर्थ आहे. मोबाइलवर फोटो घेऊन कृष्णधवल केला तरी तेच कळतं. रंग थोडा इकडेतिकडे झाला तर चित्र सहन करतं, टोन चुकला तर डोंगर पुढे येतो आणि झाड मागे जातं.

या चित्रात जवळपास सगळं आडवं आहे: आकाशाचे थर, काठ, पूल, पाणी. एवढ्या आडव्यात नजर एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघून जाईल. घर आणि त्याखालचं प्रतिबिंब मिळून एक आखूड उभी पट्टी होते, तीच नजरेला अडवते. घर बरोबर मध्यात असतं तर दोन सारखे तुकडे पडून चित्र गोठलं असतं. ते मध्यापासून जरा सरकलेलं आहे, त्यामुळे एका अंगाला पाण्याचा जास्त विस्तार मिळतो.

प्रतिबिंब नीट बघा, हौशी चित्रात सर्वात जास्त चुका तिथेच होतात. उजळ वस्तूचं प्रतिबिंब वस्तूपेक्षा किंचित गडद असतं, गडद वस्तूचं किंचित उजळ. ते वस्तूच्या सरळ खाली, आपल्या दिशेने येतं. सावली मात्र सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडते. या दोन्हींची गल्लत झाली की पाणी काचेसारखं किंवा फरशीसारखं दिसतं. लाटांमुळे प्रतिबिंब लांबतं आणि आडव्या रेघांनी तुटतं, आणि या आडव्या रेघा दूर जाताना बारीक आणि जवळजवळ होत जायला हव्यात. सगळ्या सारख्या जाडीच्या असल्या की नदी आडवी पडत नाही, भिंतीसारखी उभी राहते.

याच्या शेजारी जॉन सेल कॉटमनचं 'ग्रीटा ब्रिज' ठेवा, साधारण 1805 सालचं, ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. एका कमानीचा दगडी पूल, खाली पाणी, पुढे धोंडे. गर्टिन टोन एकमेकांत मिसळतो. कॉटमन जवळजवळ मिसळतच नाही. एक सपाट वॉश पूर्ण वाळू देतो, मग त्यावर दुसरा, कडा स्वच्छ ठेवून, कागद कापून चिकटवल्यासारखा. म्हणून "ओल्यावर ओलं म्हणजे खरा जलरंग" असं कुणी म्हणालं तर हे चित्र दाखवा. दोघांचं तंत्र उलट, पण किलकिल्या डोळ्यांनी दोन्ही चित्रं तितकीच भक्कम राहतात.

---

पायवाट

खूप धन्यवाद दोघांनाही. अंगठ्याची युक्ती करून बघितली, खरंच चित्र विझतं.

दोन उपप्रश्न. राखलेलं पांढरं, वरून लावलेलं पांढरं आणि मास्किंग फ्लुइडने (आधी लावून नंतर सोलून काढायच्या रबरी द्रवाने) वाचवलेलं पांढरं, हे बघणाऱ्याला ओळखू येतं का? आणि जुन्या जलरंगांत आकाश कधीकधी गुलाबी-तांबूस दिसतं, ते मुळातच तसं असतं का?

---

जिलेटिन

ओळखू येतं, पण चित्राच्या सरळ समोर उभं राहून नाही. बाजूला सरका आणि चित्रावरून तिरपा उजेड जाईल असं बघा.

वरून लावलेलं पांढरं, म्हणजे गुआश (अपारदर्शक जलरंग) किंवा चायनीज व्हाइट नावाचा पांढरा रंग, कागदाच्या पोतावर बसतं. ते खडूसारखं मंद आणि थंड दिसतं, जाड असेल तर थर दिसतो. मास्किंग फ्लुइडची कड सगळीकडून सारखीच तीक्ष्ण असते आणि टोकं गोळीसारखी गोलसर असतात, कारण रबराचा द्रव तसाच वाळतो. शिवाय आतला पांढरा एकदम भगभगीत असतो, आजूबाजूच्या वॉशशी त्याचं नातं जुळलेलं नसतं. चांगला चित्रकार फ्लुइड सोलल्यावर ओल्या ब्रशने निम्म्या कडा मऊ करतो, मग ओळखणं कठीण होतं. ब्रशने राखलेल्या पांढऱ्याची कड कुठे धारदार, कुठे तुटक, कुठे विरलेली असते.

चौथा प्रकार खरवडलेल्या पांढऱ्याचा. पूर्ण वाळलेला थर ब्लेडने किंवा नखाने उकरला की तंतू उभे राहतात, तिरप्या उजेडात ती जागा लवदार दिसते. गर्टिनचा समकालीन चित्रकार टर्नर हे सर्रास करायचा, त्यात कमीपणा काहीच नाही. कागद दमट असताना खरवडलं तर मात्र तंतू गोळा होतात आणि उजेडाऐवजी मळकट ओरखडा पडतो. ओल्या स्पंजने किंवा ब्रशने रंग उचलून घेतलेली जागा कधीच पूर्ण पांढरी होत नाही. फ्थॅलो निळ्यासारखे रंग तंतूंत मुरतात, त्यांचा डाग राहतोच. अल्ट्रामरीन बऱ्यापैकी उचलता येतो.

आकाशाबद्दल. गर्टिन-टर्नरच्या काळात ढगांचा राखाडी बहुतेक वेळा नीळ आणि एखादा तांबडा मातीरंग मिसळून करत. नीळ उजेडाने उडते, मातीरंग टिकतो. वर्षानुवर्षं भिंतीवर राहिलेल्या चित्रांत म्हणूनच राखाडी ढग गुलाबी झालेले दिसतात. संग्रहालयात जलरंगांच्या दालनात उजेड मंद, साधारण 50 लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपास ठेवतात तो यासाठीच. डोळ्यांना सवय व्हायला तिथे पाचेक मिनिटं द्या, मग गडद भागातले थर सुटे दिसू लागतात.

कागदाकडेही लक्ष द्या. रफ, म्हणजे खरखरीत कागदावर जवळजवळ कोरडा ब्रश आडवा धरून झपकन ओढला की रंग फक्त उंचवट्यांवर बसतो, खळगे पांढरे राहतात. पाण्यावरची चमक बहुधा अशीच काढतात. गुळगुळीत हॉट प्रेस कागदावर ते होत नाही. अल्ट्रामरीन, सेरुलियन, बर्न्ट सिएना यांसारख्या रंगांचे कण खळग्यांत साठतात आणि वॉशला दाणेदार पोत येतो, तो दोष समजू नका. दोष असतो तो वेगळाच: 200 जीएसएमच्या (ग्रॅम प्रति चौरस मीटर) आतला कागद न ताणता वापरला की ओला होऊन फुगतो, रंग नागमोडी दऱ्यांत साठतो आणि आकाशात गडद पट्टे उमटतात. 300 जीएसएमचा सुती कागद क्लिपा लावून बोर्डवर बसवला तर मध्यम आकाराला ही अडचण फारशी येत नाही.

आपल्याकडची खास अडचण पावसाळ्याची. कागदाला शोषण रोखणारं साइझिंग असतं, बरेचदा जिलेटिनचं. ओलसर कपाटात कागद पडून राहिला की ते जागोजागी निकामी होतं. वॉश टाकेपर्यंत काही कळत नाही, टाकला की ठिपक्याठिपक्यांनी टिपकागदासारखा रंग आत ओढला जातो. आकाशात असे गडद ठिपके विखुरलेले दिसले तर चित्रकाराचा हात चुकलेला नाही, कागद गेलेला आहे. उपाय नाही. कागद प्लॅस्टिकमध्ये सिलिका जेलसह सीलबंद ठेवणं, एवढंच हातात आहे.

---

हिरवा_घाट

तिसरा प्रश्न राहिलाय, आपल्याकडच्या चित्रांचा.

घाटातल्या पावसाळी चित्रात आधी कडा बघा, म्हणजे आकारांच्या कडा. धुक्यातला डोंगर वरून स्पष्ट आणि पायथ्याला विरलेला असतो, कारण ढग दरीत साचतो. हे कागदावर आणण्यासाठी डोंगराचा माथा कोरड्या कागदावर ओढून खालची कड लगेच नुसत्या पाण्याने मऊ करतात. सगळा डोंगर ओल्या आकाशात सोडला तर माथाही पसरतो आणि डोंगराचा ढग होतो. ही वेळ चकाकीवरून ठरते. कागद तिरपा करून बघितला की आरशासारखं चमकत असेल तर रंग हवा तिकडे पळतो. चमक जाऊन रेशमी तुकतुकी उरली असेल तर दाट रंग टाकला की मऊ कडेचा आकार धरतो, दूरच्या झाडीला हीच वेळ. तुकतुकीही गेली पण हाताच्या पाठीला गार लागतंय, तर हात लावू नये, फ्लॉवरसारखे डाग याच टप्प्यावर पडतात. चांगल्या चित्रात एकाच झाडाच्या रांगेत दोन-तीन प्रकारच्या कडा सापडतात. नुसत्या कडक कडा असतील तर चित्र पोस्टरसारखं, नुसत्या मऊ असतील तर चष्मा विसरल्यासारखं दिसतं.

हवामानाचा हिशेब वेगळा. मे महिन्यात देशावर उघड्यावर रेशमी टप्पा मिनिटभरही टिकत नाही. पाण्यात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब टाकले तर थोडी उसंत मिळते, जास्त झाले तर चित्र चिकट राहतं. जुलैत कोकणात उलट, वॉश अर्धा-अर्धा तास वाळत नाही आणि घाईत दुसरा थर टाकला की दोन्ही ढवळून गढूळ होतात. जागेवर बसून केलेल्या चित्रात पुढच्या भागातले रंग मातकट झालेले दिसतात त्याचं एक कारण हे असतं. दुसरं कारण एका जागी तीन-चारपेक्षा जास्त रंग, त्यात अपारदर्शक मातीरंग, आणि त्यावर पुन्हा पुन्हा ब्रश घासणं.

हिरवा हा आपल्या पावसाळी चित्रांचा सगळ्यात दुबळा भाग. ट्यूबमधला सॅप ग्रीन तसाच्या तसा भाताच्या खाचरापासून कड्यापर्यंत फिरवलेला असतो. बघा की जवळचा हिरवा पिवळ्या-तांबड्याकडे आणि दूरचा निळ्या-राखाडीकडे झुकतोय का. अल्ट्रामरीन आणि रॉ सिएना मिसळून येणारा मंद हिरवा, त्यात कड्याजवळ चिमूटभर बर्न्ट सिएना, एवढ्यावर बरीच चित्रं तरतात. कोवळ्या भाताचा पोपटी खरंच भडक असतो, पण तो भडक दिसायला आजूबाजूचं सगळं दबलेलं हवं. गर्टिनच्या घराचंच तत्त्व आहे ते.

समुद्रासाठी प्र. अ. धोंड यांची जलरंगातली निसर्गचित्रं मुळातून बघायला मिळाली तर सोडू नका. सर ज. जी. कला महाविद्यालयाचे ते अधिष्ठाता होते, 2001 साली गेले. तिथे मोजा की पाणी, वाळू आणि आकाश किती वॉशमध्ये संपवलंय. वाळूचा वॉश पाण्याखालून तसाच पुढे गेलेला दिसतो का आणि ओली वाळू कोरड्या वाळूपेक्षा फक्त एका टोनने दबलेली आहे का, एवढंच बघितलं तरी किनाऱ्याच्या कुठल्याही चित्राचा कस कळतो.

---

ओला_कागद

वर एक भर. थरांचा क्रम ओळखायचा असेल तर दोन आकार जिथे एकमेकांवर चढलेत तिथे डोळा लावा. पारदर्शक रंगात खालच्या वॉशची कड वरच्यातून दिसत राहते. आकाशाचा फिकट वॉश डोंगराच्या आतून जाताना दिसला तर समजा आधी आकाश वाळू दिलं आणि मग डोंगर आला. डोंगर आणि आकाश यांच्यामध्ये कोऱ्या कागदाची बारीक फट दिसली तर दोन ओले वॉश एकमेकांत जाऊ नयेत म्हणून ती सोडलेली असते. एखाद-दोन ठिकाणी ती फट चकाकून छान दिसते. प्रत्येक आकाराभोवती असली तर चित्रकाराला ओल्या कडेची भीती वाटत होती.

---

पायवाट

शेवटचं विचारते. मूळ चित्र लंडनला, मी बघतेय पडदा आणि छापील प्रत. यात काय हरवतं?

---

जिलेटिन

पडद्यावर दाणेदार पोत जवळजवळ जातो आणि पांढरं फसवं होतं, कारण पडदा स्वतःच उजेड फेकतो. कागद फक्त पडलेला उजेड परत देतो, म्हणून मूळ चित्रं पडद्यापेक्षा नेहमी सौम्य निघतात. आकारही हरवतो, तेव्हा एकदा पट्टीने 30 बाय 51 सेंटीमीटरचा चौकोन आखून भिंतीवर लावा आणि किती अंतरावरून बघायचं ते ठरवा. दीड मीटरवरून टोन, हातभर अंतरावरून कडा.

छापील प्रतीवर एक करून बघा. छपाईच्या साध्या पांढऱ्या कागदाचा छोटा तुकडा त्या घराच्या शेजारी धरा. घर पिवळसर, जवळपास सायीच्या रंगाचं दिसेल. तुकडा बाजूला केला की काही क्षणांत ते पुन्हा पांढरं होतं.